विहीणबाईंचं कमळ

इंदुताईंना आपली विहीण आवडत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले असते. विहीण चांगलीच होती. फक्त तिनं इंदूरला असावं, एवढंच इंदुताईंचं म्हणणं होतं.

मुलाचं, शरच्चंद्राचं, लग्न ठरलं तेव्हा ती इंदूरलाच होती. मधे रात्रभराचा रेल्वेप्रवास होता, वेगळं राज्य होतं, वेगळा राजा होता. सून पद्मा इकडे ग्वाल्हेरला आली की तिचे आईबाप तिकडे राहणार, सणावाराला पत्र येणार, आणि त्याला आपण चार ओळींचं उत्तर पाठवणार, असा इंदुताईंचा हिशेब होता. पण लग्नाला वर्षही झालं नाही तोच राज्यंच गेली. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची लहानमोठी संस्थानं एकत्र करून मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. राजधानी आपल्याकडेच हवी असं दोन्ही शहरांचं म्हणणं, तेव्हा ती दोन्हीकडे ठेवायची ठरली. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. म्हणजे ऋतू बदलला की अख्खं सरकार पेट्या, टाइपरायटर आणि बायकापोरांसकट गाडीत बसून इकडून तिकडे.

दसरा झाला आणि इंदूरचं सरकार ग्वाल्हेरला उतरलं. त्यात पद्माचे वडील रघुनाथराव होते. ते महसूल खात्यात होते. सरकारनं माणसं आणली, पण त्यांना राहायला जागा आणायला ते विसरलं. रघुनाथराव आणि उषाताई शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या एका धर्मशाळेत उतरले. तिथे एका खोलीत तीन खात्यांची बिऱ्हाडं होती. रघुनाथरावांना थंडीताप भरला. इंदुताईंचे यजमान भालचंद्रराव शिक्षण खात्यात होते. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा बायकोला विचारायलाही न थांबता ते टांगा घेऊन धर्मशाळेत गेले आणि व्याह्यांना थेट जयेंद्रगंजातल्या आपल्या घरी घेऊन आले.

इंदुताई दारात उभ्या होत्या. टांग्यातून आधी वळकटी उतरली, मग शालीत गुरफटलेले रघुनाथराव उतरले आणि शेवटी उषाताई उतरल्या. त्यांच्या कवेत तांब्याचं मोठं घंगाळ होतं. त्यात काठोकाठ पाणी होतं आणि पाण्यावर गोल हिरवी पानं तरंगत होती. टांगेवाल्यानं हात पुढे केला, पण त्यांनी घंगाळ त्याच्या हाती दिलं नाही.

"हे काय हो विहीणबाई?" इंदुताईंनी विचारलं.

"श्वेतकमळ," उषाताई म्हणाल्या. "माझ्या माहेरचं आहे. आमच्या लक्ष्मीला हेच लागतं."

इंदुताई हसल्या. त्यांनी मागे वळून चौकाकडे बोट दाखवलं. तिथे दगडी कुंडी होती आणि कुंडीत निळं फूल उमललेलं होतं.

"आमच्या लक्ष्मीला नीलकमळ लागतं," त्या म्हणाल्या.

इथून ते सगळं सुरू झालं.

त्या कुंडीचा मान लहान नव्हता. इंदुताईंचे सासरे राजवाड्यातल्या देवघरात पूजेला होते. तिथल्या तळ्यातून त्यांनी हा कंद आणला होता. पुढे वाड्यावरचं तळं आटलं, पण कुंडीतला वेल राहिला. तेव्हापासून दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, वाड्यावरून फेटा बांधलेला माणूस यायचा आणि चांदीच्या तबकातून इंदुताईंच्या चौकातलं नीलकमळ घेऊन जायचा. सगळी गल्ली दारात उभी राहून बघायची. इंदुताई मात्र तेवढा वेळ मुद्दाम आत जाऊन बसायच्या, कारण ज्याचा मान त्यानं तो बघत उभं राहू नये, अशी त्यांची समजूत होती. खिडकीच्या फटीतून मात्र त्या सगळं बघायच्या.

यंदा कुणी येणार नव्हतं. देवघराचं खातं दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात विलीन झालं होतं. कुठल्या, ते भालचंद्ररावांनी सचिवालयात चार जणांना विचारलं, आणि चौघांनी चार खाती सांगितली.

उषाताईंना माडीवरची खोली दिली. त्यांनी शेगडी मांडली, घंगाळ गच्चीत ऊन येईल अशा जागी ठेवलं, आणि पदर खोचून कळशी घेऊन खाली आल्या.

"अहो, पाणी मोरीत भरून ठेवलंय की," इंदुताई म्हणाल्या.

"ते कसं चालेल? मुलीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी आमची रीत आहे."

"रीत आमच्याकडेही आहे. पण तुम्ही राहताय इथे."

"राहायचं नाही असं रीतीत नाही. पाण्याचं आहे."

असं म्हणून उषाताई रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या सरकारी नळावर गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ. अंगावर इंदुरी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत कळशी. पहिल्याच आठवड्यात समोरच्या मंदाताई विचारायला आल्या. त्यांचं सासर जुन्या घोडदळातलं. सासऱ्यांची तलवार अजून भिंतीवर होती आणि मंदाताईंचं बोलणंही तसंच सरळ अंगावर येणारं होतं.

"इंदुताई, तुमचा नल बिघडला का?"

"नाही बाई."

"मग व्याह्यांना पाणी का देत नाही तुम्ही?"

इंदुताईंनी रीत समजावून सांगितली. मंदाताईंनी ती समजून घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं की, व्याह्यांचं आणि यांचं पाण्यावरून वाजलंय.

रघुनाथरावांना ही रीत फारशी जाचत नव्हती. ताप उतरल्यावर ते खालच्या मोरीत आंघोळ करायचे. रीत पिण्याच्या पाण्याची आहे, अंगावर ओतायच्या नव्हे, असं त्यांचं मत होतं. आणि ऑफिसला निघताना जिन्याच्या वळणावर उभं राहून मुलीच्या हातचा चहा घ्यायचे. चहात दूध पडलं की त्याला पाणी म्हणत नाहीत, हेही त्यांचंच मत.

खरी कुरबूर कमळांची होती. इंदुताई रोज सकाळी कुंडीतलं निळं फूल खुडून तबकात ठेवायच्या आणि मुद्दाम चौकातूनच देवघरात जायच्या, कारण गच्चीतून चौक दिसतो. उषाताई कठड्यावर साडी वाळत घालता घालता म्हणायच्या, "रंग जरा विटका आहे नाही? कुंडी लहान पडते बहुतेक." मग इंदुताई गच्चीवर पापड वाळत घालायला जायच्या आणि घंगाळात डोकावून म्हणायच्या, "मिटलेलंच असतं वाटतं हे नेहमी."

एकदा पद्मानं दोघींच्या मधे तोंड घातलं. ती शाळेत वनस्पतींचं थोडंफार शिकली होती. ती म्हणाली, "खरं सांगू का? कमळाची पानं पाण्याच्या वर उभी असतात. या दोन्हींची पानं पाण्यावर पडलीत. म्हणजे दोन्ही कुमुदं आहेत. कमळ एकही नाही."

दोघी विहिणी प्रथमच एकमेकींकडे बघून एकाच वेळी बोलल्या.

"हेच शिकवलंत का हिला?" इंदुताई म्हणाल्या.

"आमच्याकडे असताना अशी नव्हती," उषाताई म्हणाल्या.

भालचंद्ररावांनी वर्तमानपत्र खाली केलं. संस्कृतात दिवसा उमलणारं वेगळं, रात्री उमलणारं वेगळं, एक सूर्याचं आणि एक चंद्राचं, आणि निळ्याला तर उत्पल म्हणतात, असं ते सांगू लागले. देवीच्या हातात दोन्ही चालतात, असंही म्हणाले. पण तोवर ऐकायला कुणीच उरलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी एके दुपारी इंदुताई गच्चीत गेल्या, तर पद्मा घंगाळात पाणी ओतत होती. बादली खालच्या मोरीतली होती. आई नळावर रांगेत होती आणि पानं सुकायला लागलेली पाहून पोरीला राहवलं नव्हतं. इंदुताई जिन्यात जाऊन थांबल्या. उषाताई कळशी घेऊन वर येऊ लागल्या तेव्हा अगदी गोड आवाजात म्हणाल्या,

"विहीणबाई, तुमचं कमळ आमचं पाणी पितंय."

उषाताईंचा चेहरा उतरला. त्यांनी कळशी खाली ठेवली, वर जाऊन घंगाळ उपडं केलं, कंद परातीत ठेवला आणि पुन्हा नळावर गेल्या. त्या दिवशी त्यांनी कितीतरी खेपा केल्या. संध्याकाळी दोन्ही व्याही घरी आले तेव्हा त्या पाय चेपत बसल्या होत्या.

"अहो, रस्त्यावरचा नळ आणि आपला नळ एकाच टाकीचे आहेत," भालचंद्रराव म्हणाले.

"आणि टाकी आता मध्यभारताची," रघुनाथराव म्हणाले. "म्हणजे निम्मी इंदूरचीच. मग यांच्या घरचं पाणी यांचं कसं?"

"मग आपल्या निम्म्यातलं मी बाहेरून आणते," उषाताई म्हणाल्या. "त्यांचं निम्मं त्यांच्या घरात राहू दे."

यावर दोन्ही खाती हातपाय धुवायला निघून गेली.

इंदुताईंना जिंकल्याचा आनंद एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवशी त्यांना तो बोचायला लागला. तिसऱ्या दिवशी तर त्या उषाताईंची समजूत घालायला म्हणून वर गेल्या आणि जिन्याच्या खांबामागेच थबकल्या. उषाताई देवासमोर बसल्या होत्या. घरात नळाची रांग, मोरीची रांग, शेगडीची धग, या सगळ्यात त्यांच्या पूजेला आता रोज ऊन वर यायचं. पांढरं फूल रात्रभर उमललेलं असायचं आणि पूजेच्या वेळेला मिटून कळी व्हायचं. उषाताई दोन बोटांनी त्याच्या पाकळ्या हळूहळू सोडवत होत्या. एक सोडवली की दुसरी मिटत होती. तोंडानं स्तोत्र चाललं होतं आणि मधेच त्या फुलाला म्हणत होत्या, "थांब गं, एवढा नमस्कार होऊ दे."

इंदुताई पाय न वाजवता खाली आल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण मनातल्या मनात मात्र त्या पुष्कळ हसल्या आणि त्याच भरात त्यांच्याकडून चूक झाली. मंदाताई फराळाचं विचारायला आल्या होत्या. जिन्यात उषाताई होत्या. इंदुताई जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "यंदा वाड्यावर फूल जायचं नाही. आमच्या लक्ष्मीपुढेच ठेवणार आहे. लक्ष्मीपूजनाला या संध्याकाळी सगळ्या जणी. नीलकमळावर बसलेली लक्ष्मी बघायला मिळेल."

मंदाताई खूश होऊन गेल्या. इंदुताई आत आल्या, पाट मांडला, ताट घेतलं आणि घास हातात घेऊन तशाच बसून राहिल्या.

"काय झालं?" भालचंद्ररावांनी विचारलं.

"आपलं फूल दुपारी मिटतं," इंदुताई म्हणाल्या.

इतकी वर्षं माणूस सकाळी यायचा. संध्याकाळी वाड्यावर त्या फुलाचं काय व्हायचं, हे इंदुताईंनी कधी विचारलंही नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी कुंडीत असं फूल आलं की त्या मोसमात तसं आलं नव्हतं. इंदुताईंना त्याचा राग आला. त्यांनी ते खुडलं नाही. शरच्चंद्राला सुट्टी होती, त्याला त्यांनी हाताशी घेतलं. तो सगळी हकीकत ऐकून म्हणाला, "आई, सीधी सी बात है. ऊन गेलं की ते मिटतं ना? मग ऊन जाऊच द्यायचं नाही. उसको लगना चाहिए कि अभी दोपहर है."

त्यानं दाढीचा आरसा घेतला आणि गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून उन्हाचा कवडसा कुंडीवर पाडला. काही वेळ फूल खरंच तसंच राहिलं. मग सूर्य सरकला. शरच्चंद्र कठड्यावर चढला. सूर्य आणखी सरकला. कवडसा कुंडीवरून समोरच्या मंदाताईंच्या खिडकीत गेला आणि त्यांचे यजमान बाहेर येऊन कोण आरसे चमकवतंय म्हणून विचारू लागले. फुलाच्या पाकळ्या एकमेकींकडे झुकू लागल्या.

"दोरा आण," इंदुताई पद्माला म्हणाल्या.

पद्मानं रेशमाचा दोरा आणला. दोघींनी मिळून पाकळ्या मागे ओढून बांधल्या. फूल आता पगडीसारखं दिसत होतं. दिवे लागायच्या सुमारास दोऱ्यानं आतल्या पाकळ्या कापायला सुरुवात केली आणि बाहेरच्या मिटल्या. इंदुताईंनी दोरा सोडवायला हात घातला, तर निम्म्या पाकळ्या हातात आल्या.

भालचंद्रराव सोवळं नेसून उभे होते. बायकोला धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "अगं, विष्णूनं शंकराला सहस्र कमळं वाहायला घेतली होती. एक कमी पडलं, तेव्हा त्यानं आपला डोळा काढून वाहिला. भाव महत्त्वाचा."

"मग तुमचा चष्मा वाहू का?" इंदुताई म्हणाल्या आणि कुंडीच्या कठड्यावर मटकन बसल्या.

अंधारू लागलं होतं. गल्लीत पणत्या लागल्या होत्या. मंदाताईंच्या घरून बायका निघाल्याची चाहूल ऐकू येत होती. आणि जिन्यावरून घंगाळ घेऊन उषाताई खाली येत होत्या. पाणी दोन्ही बाजूंनी सांडत होतं.

त्यांनी घंगाळ इंदुताईंच्या शेजारी ठेवलं. आतली कळी टोकाशी सुटली होती. दोघी बघत असताना पहिली पाकळी मागे झाली, मग दुसरी.

"याची वेळ हीच," उषाताई म्हणाल्या. "आमच्याकडे संध्याकाळीच पूजा असायची. इथे संध्याकाळी नळाची रांग असते, म्हणून सकाळची करतेय आणि बिचाऱ्याला ओढावं लागतं."

इंदुताईंना बोलणं भाग होतं. "मी पाहिलं होतं परवा. तुम्ही पाकळ्या सोडवत होतात तेव्हा."

"माहीत आहे मला. खांबाच्या दोन्ही बाजूंनी तुमची साडी दिसत होती."

इंदुताई उठल्या, लक्ष्मीपुढचं रिकामं तबक घेऊन आल्या आणि विहिणीपुढे धरलं. उषाताईंनी फूल खुडून त्यात ठेवलं.

बायका आल्या. सगळ्यांत पुढे मंदाताई. दिव्यांच्या उजेडात पांढरं फूल उमललं होतं आणि त्यावर चांदीची लक्ष्मी बसवली होती. मंदाताईंनी हात जोडले, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"इंदुताई, हे तर पांढरं दिसतंय."

इंदुताई उगीचच समईची वात सारू लागल्या. तेवढ्यात मागून उषाताई म्हणाल्या,

"निळंच आहे ते. समईच्या उजेडात पांढरं दिसतं. जवळून बघा, झाक आहे."

मंदाताई वाकल्या. डोळे बारीक करून म्हणाल्या, "हो बाई. आहे खरी."

मग बाकीच्यांनाही झाक दिसू लागली. एकीला ती जरा जांभळीच वाटली.

"असं कमळ आमच्या इंदुरात नाही," उषाताई पुढे म्हणाल्या. हे म्हणायची काही गरज नव्हती. त्यांचं काम आधीच्या वाक्यानं झालं होतं. इंदुताईंनी मान वळवून बघितलं, तर विहीणबाई हळदकुंकवाचं ताट नीट करत होत्या.

आरती झाली. भालचंद्रराव पळीनं तीर्थ देत चालले. मंदाताईंना दिलं, पद्माला दिलं, आणि उषाताईंनीही सवयीनं उजव्या हाताचा द्रोण पुढे केला. तीर्थ पडलं, ते पिऊन त्यांनी हात डोळ्यांना आणि डोक्याला लावला. मग हात तसाच डोक्यावर राहिला. तीर्थाचं पाणी खालच्या मोरीतल्या हंड्यातलं होतं.

पद्मानं पाहिलं. रघुनाथरावांनी पाहिलं आणि लगेच छताकडे पाहायला लागले. मंदाताईंची नजर फिरायला लागली होती, कारण असल्या गोष्टी त्यांच्या डोळ्यांतून सुटत नसत. इंदुताई एकदम पुढे झाल्या.

"मंदाताई, अनारसे कसे झालेत ते सांगा बरं," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या हातात अख्खी बशी दिली. "माझे यंदा पसरलेत. तुम्ही काय घालता त्यात?"

अनारशांवर मंदाताई बराच वेळ बोलल्या. त्या जाईपर्यंत उषाताईंचा हात खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी पाडवा. इंदुताई सकाळी उठल्या तर उषाताई नेहमीप्रमाणे कळशी घेऊन दाराशी होत्या. इंदुताईंनी त्यांना अडवलं नाही. त्यांनी आपली कळशी घेतली आणि त्यांच्याबरोबर निघाल्या.

"तुम्ही कशाला?" उषाताईंनी विचारलं.

"चला. मलाही बाहेरचं पाणी आवडतं की नाही ते बघू."

दोघी रांगेत उभ्या राहिल्या. नळावरच्या बायका सरकून जागा देऊ लागल्या. इंदुताईंना रांगेत उभं राहायची सवय नव्हती, त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा पुढे जात होत्या आणि उषाताई त्यांना पदराला धरून मागे ओढत होत्या. घरी आल्यावर इंदुताईंनी आपली कळशी विहिणीच्या शेगडीजवळ ठेवली. "ही सरकारच्या नळाची आहे. हिचा चहा करा. मलाही द्या. आमच्याकडे मुलाच्या आईनं कुठे काही प्यायचं नाही अशी रीत नाही."

उषाताईंनी चहा टाकला. त्यात त्यांनी गवती चहा घातला होता. इंदुताईंना तो अजिबात आवडला नाही. तसं त्यांनी सांगितलंही. उषाताईंनी त्यांना आणखी अर्धा कप दिला.

पुढे थंडी वाढली आणि दोन्ही वेलांनी पानं टाकली. होळीनंतर कुंडीत आणि घंगाळात पुन्हा कोंब आले, आणि पाठोपाठ सरकारचा हुकूम आला: सचिवालय इंदूरला. या खेपेला भालचंद्रराव जाणार होते आणि इंदुताईंना त्यांच्याबरोबर जावं लागणार होतं. बिऱ्हाड कुठे करायचं याचा प्रश्नच नव्हता. उषाताईंनी पत्र टाकून इंदूरच्या घराची माडी झाडून घ्यायला सांगितलं होतं.

दगडी कुंडी काही गाडीत चढणार नव्हती. इंदुताईंनी चिखलात कोपरापर्यंत हात घातला, कंदाचा एक कोंब तोडला आणि ओल्या फडक्यात गुंडाळला. पाहिजे तसं भांडं घरात सापडेना. तेव्हा उषाताईंनी आपल्या घंगाळातली पानं एका बाजूला सारली आणि मधे जागा केली.

स्टेशनवर सगळीकडे पेट्या होत्या. शिक्षण खात्याच्या पेट्यांवर महसूल खात्याच्या पेट्या चढवल्या होत्या आणि दोन्ही खात्यांचे शिपाई त्यावरून भांडत होते. घंगाळ बाकाखाली ठेवावं असं रघुनाथराव म्हणाले, पण तिथे ऊन लागणार नव्हतं. म्हणून खिडकीशी उषाताई बसल्या, त्यांच्याशेजारी इंदुताई, आणि घंगाळ दोघींच्या मांड्यांवर.

गाडी सुटली तसा पाण्याचा हिंदकळा इंदुताईंच्या साडीवर आला.

"सांभाळून," उषाताई म्हणाल्या.

"तुमच्याच बाजूनं कलतंय," इंदुताई म्हणाल्या आणि एक हात पुढे करून पानं सावरली.